चोचीला एक थेंब

वाघबीळ उतरलं, केर्ली मागं पडली,
तोवर आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नव्हतो.
बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यांच्या उजव्या कानात,
आणि पन्हाळ्यावर माझं पुरेसं ओरडून झालं होतं
लेथवरून.

वडणगे फाट्याच्या अलीकडं
स्टिअरिंगमागं दिवा लागला:
तांबडी, इवलीशी झारी,
चोचीला एक थेंब, न पडणारा.

मला वाटलं, जाईल.
आमच्या घरात सगळं आपोआप जातं असंच धरून चालतात,
भिंतीची ओल, थोरल्याचा राग, आप्पांचा खोकला.
पुलापर्यंत चार किलोमीटर तर होते.
पुढं उसाची ट्रॉली, तिच्यामागं मी, दुसऱ्या गिअरमध्ये.

आप्पांना दिवा दिसलाच नव्हता.
त्यांनी नुसता तळवा डॅशबोर्डवर ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि म्हणाले, "बंद कर."
"अहो, पुढं पंप आहे..."
"कुंदे, बंद कर. हितंच."

किल्ली फिरवली.
पाल्यावरून गाडी आपल्याच वजनानं थोडी गेली
आणि थांबली.
समोर गुऱ्हाळ, काहिलीवर वाफ,
गोड धुराच्या खाली
दुसरा एक वास, आमचा.

"पिवळा असता तर बोललो नसतो.
तांबडा म्हंजे दाब गेला.
तेल असंल, न्हाईतर नसंल, वर चढत न्हाई एवढं खरं."
चाळीस वर्षं उद्यमनगरात क्रँक घासलेला माणूस.
कान त्या शेडनं खाल्ले.
ऐकायला तळवे तेवढे उरले.

दस्तगीरचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला.
आम्हा तिघा भावंडांचा एकाचाही येत नाही.

दहा मिनिटं थांबायचं, तेल खाली उतरू द्यायचं.
मग काठी ओढली,
ते नको नको म्हणत असताना ओढणीच्या टोकाला पुसली,
पुन्हा घातली, पुन्हा ओढली.
टोकाला काळा ठिपकाही नाही.
वाकून बघितलं तर पाल्यावर
टप.
बऱ्याच वेळानं, टप.

"दोन लोखंडं," आप्पा म्हणाले, कुणाला कोण जाणे,
"कधी शिवतच न्हाईत एकमेकाला.
मधी कागदाएवढा पदर असतोय तेलाचा.
त्यो गेला की शिवत्यात."
आणि एक मूठ दुसऱ्या हातात आवळून दाखवली.
सोडवताना त्यांनाच वेळ लागला.

दस्तगीर लुनावर आला, दोन पायांत पाच लिटरचा डबा.
पोतं टाकून आडवा झाला
आणि गाडीखालूनच हसायला लागला.
जुन्या फिल्टरचं रबर तसंच चिकटलेलं,
त्याच्यावर नवा फिल्टर आवळलेला.
"रबरावर रबर! कुणी केलं हे, ताई?"
मी त्या काचेच्या, एसीवाल्या सर्व्हिस सेंटरचं नाव घेतलं नाही.
आप्पांना न सांगता गेले होते.

गुऱ्हाळातल्या पोरानं कागदावर गरम गूळ आणून दिला.
आप्पांनी तो तेलकट बोटांनीच खाल्ला,
मग त्याच बोटानं
नव्या रबराला कडेकडेनं तेल लावलं.
दस्तगीर फिल्टर धरून उभा राहिला,
घाई न करता, शागीर्दासारखा.

साडेतीन लिटर. किल्ली.
झारी पेटली,
एक, दोन,
विझली.
आप्पा तिच्याकडं बघतच नव्हते.
तळवा जिथल्या तिथं, शिवाजी पुलापर्यंत.

जुनं रबर चिल्लरच्या खोबणीत टाकलंय,
कडक, काळं, बांगडीएवढं.
लेथचा विषय मी काढला नाही.
पूल ओलांडल्यावर, गर्दीत अडकलो तेव्हा
त्यांनीच पुढं बघत विचारलं,
"गिऱ्हाईक कुठलं म्हणालीस?"

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले.
मागून कुणीतरी हॉर्न दिला.